जबाबदार व्यक्ती

फॉर्मवर सतरा रकाने होते. सोळा मुलानं भरले आणि सतराव्यापाशी येऊन तो पेन चावत बसला. तिथं छापलं होतं, 'बांधकामाच्या ठिकाणी जबाबदार व्यक्तीचे नाव'. मुलानं बापाकडे बघितलं, बापानं पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता, तरी बघितलं.

हेडबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हेडबाई हे त्यांना गल्लीनं ठेवलेलं नाव. शाळेशी त्यांचा संबंध चौथीत संपला होता, पण कोणाचा नळ गळतो, कोणाची सून उशिरा उठते, कोणाचा जावई फार दिवस मुक्कामाला आहे याची हजेरी त्या रोज घेत. लोक हे नाव पाठीमागं घेत. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तर त्या दोघा बाप्यांचे ते चेहरे पाहून हेडबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या घरात तेलाची बाटली रिकामी झाली हे त्यांच्याशिवाय कोणाला दिसत नाही, त्या घरात जबाबदार कोण असा प्रश्न पडतोच कसा? त्यांनी हात पदराला पुसला, पेन ओढून घेतलं आणि सतराव्या रकान्यात आपलं नाव घातलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. आडनाव रकान्याबाहेर गेलं, पण नाव पुरं झालं.

"आई, जबाबदार म्हणजे तसं नव्हे गं," मुलगा म्हणाला.

"मग कसं?"

तो शब्दच मेला दुतोंडी आहे. सोयरीक जमवताना 'मुलगा जबाबदार आहे' म्हणतात तेव्हा तो इस्त्रीचे कपडे घालून येतो, आणि पोलीस 'याला जबाबदार कोण' म्हणतात तेव्हा तोच शब्द बेड्या घेऊन येतो. हेडबाईंची ओळख फक्त इस्त्रीवाल्याशी होती.

बांधायची होती गच्चीवर एकच खोली. दहा बाय बारा. मुलगा-सुनेला एक खोली होती, नवऱ्याला बाहेरची होती, कारण त्याला वारा लागे. हेडबाई एकतीस वर्षं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात निजत होत्या. ज्याला रात्री उठावं लागे तो त्यांच्या पायावरून जाई, आणि काही जण पायावर पाय देऊन जात. त्यांना एक दार हवं होतं, आणि त्या दाराला आतून कडी. बाकी काही मागणं नव्हतं. खिडकीसुद्धा नसती तरी चाललं असतं.

कंत्राटदार मोटारसायकलवरून मोबाईल कानाला लावून आला आणि तसाच गेला. त्याचं काम 'होऊन जाईल' म्हणण्याचं. गवंडी मात्र अस्सल होता. पन्नाशी उलटलेली, अंगावर मांस बेताचंच, त्याला सगळे मिस्त्री म्हणत. ओळंबा सोडायच्या आधी तो एक डोळा मिटून भिंत बघे, आणि मग ओळंब्यानं आपल्या डोळ्याशी जुळवून घ्यावं अशी त्याची अपेक्षा असे. ओळंबा बहुतेक वेळा घेईही. त्याला चहा देताना हेडबाई उंबऱ्यातूनच देत, पण पहिल्या भिंतीचा कोपरा पाहिल्यावर त्या चहात दूध वाढवू लागल्या.

तिसऱ्या दिवशी सुरक्षा निरीक्षक आले. त्यांना कायमची सर्दी होती, आणि जगातली प्रत्येक वस्तू आज ना उद्या कोणाच्या तरी डोक्यात पडणार अशा नजरेनं ते बघत. परांचीचे बांबू त्यांनी हलवून पाहिले, सुंभाच्या गाठी पाहिल्या, नाक शिंकरलं आणि यादी सांगितली. सगळ्यांना हेल्मेट. उंचावर काम करणाऱ्याला कमरेचा पट्टा आणि दोर. परांचीला कठडा. औषधाची पेटी. आणि पानांवर आकडे छापलेली एक नोंदवही, तिच्यात अपघाताची नोंद रोजच्या रोज, जबाबदार व्यक्तीच्या हातची. मग त्यांनी जबाबदार व्यक्ती कोण ते विचारलं. हेडबाईंनी पदर सारखा केला आणि एक पाऊल पुढं आल्या.

"कोणाला काही झालं तर पहिली कारवाई तुमच्यावर होईल, बाई," निरीक्षक म्हणाले. आवाजात धमकी नव्हती, दु:खच होतं.

हेडबाई खाली बसल्या. नाव काढून घेता आलं असतं, मुलगा नाव बदलायचा फॉर्मही घेऊन आला. पण काढून घालायचं कोणाचं? पंख्याकडे बघणाऱ्याचं? त्या म्हणाल्या, लिहिलंय ते लिहिलंय.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले द्यायला माणसं येऊ लागली. आता सल्ला द्यायला माणूस हात हलवत येत नाही, येताना एक मढं घेऊन येतो. कोणाचा मेहुणा अशाच परांचीवरून पडला तो पुन्हा बोललाच नाही. कोणाच्या मावसभावाच्या डोक्यात चौथ्या मजल्यावरून वीट पडली आणि त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की काय पडलं. समोरचे पेन्शनर बत्तीस वर्षं एका कचेरीत फायली बांधत होते, त्यामुळे त्यांना कायदा येत असे. ते म्हणाले, खाली गाद्या पसरा. कोणाच्या, ते बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत हेडबाईंच्या बैठकीत अकरा मयत आणि एक कायमचा लंगडा एवढी मंडळी जमली होती. सून चहाच्या कपबश्या धुऊन दमली. मेलेल्यांना चहा लागत नाही, आणणाऱ्यांना लागतो.

हेल्मेटं आली, पिवळीधमक. मिस्त्रीनं पहिल्या दिवशी त्यात पाणी घेऊन विटांवर शिंपडलं. दुसऱ्या दिवशी त्यात खिळे ठेवले. तिसऱ्या दिवशी हेडबाईंनी ते स्वत: त्याच्यापुढं धरलं तेव्हा डोक्यावर घेतलं, पण परक्याच्या घरचं भांडं घ्यावं तसं. पट्ट्याला मात्र तो हात लावेना. तो म्हणाला की तीस वर्षं भिंतीवर चालतोय, एकदाही शिडीशिवाय खाली आलो नाही. पट्टा कुत्र्याला घालतात, बाई.

त्याच्या जागी हेडबाई असत्या तर त्याही शब्द न शब्द हेच बोलल्या असत्या.

मग त्यांनी खुर्ची टाकली. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, अंगणात, वर तोंड करून. मिस्त्री कडेला गेला की खालून आवाज जाई, "मिस्त्री, आत." तो वाकला की "मिस्त्री, सरळ." घरात भाजी करपली, कुकरची शिट्टी कोणी मोजली नाही, सुनेला एकतीस वर्षांत पहिल्यांदा सासूविना स्वयंपाकघर मिळालं (तिची स्वत:ची सहाच, पण ती घरातली सगळी वर्षं आपली धरत असे). आठव्या दिवशी हेडबाईंची मान वर राहिली ती खाली येईना. डॉक्टरांनी तपासलं आणि मानेला पट्टा घातला. पांढरा, चार बोटं रुंद, मागं चिकटवायचा.

दुसऱ्या दिवशी त्या तशाच येऊन खुर्चीवर बसल्या. मिस्त्रीनं वरून बघितलं. बराच वेळ बघितलं. बाईंचा पट्टा तर थेट गळ्यातच होता. मग तो खाली उतरला, खुंटीवरचा पट्टा घेतला, कमरेला आवळला आणि वर गेला. पेन्शनरांनी समोरच्या खिडकीतून दोघांचा फोटो काढला आणि गल्लीभर पाठवला.

आता नोंदवही. हेडबाईंचं अक्षर चौथीतच राहिलेलं, टपोरं, रेघेवर बसलेलं. त्या रोज संध्याकाळी चष्मा लावून वहीत लिहीत, 'आज काही झालं नाही.' दुसऱ्या दिवशी, 'आज काही झालं नाही.' तेवीस दिवस हेच. खोट्या नोंदी करून दमणाऱ्या जगात इतकी खरी वही दुसरी नसेल. वहीची प्रत रोजच्या रोज कचेरीत जात होती, आणि चोविसाव्या दिवशी कचेरीतून कागद आला की आपल्याच नोंदीनुसार आपल्या जागेवर तेवीस दिवस काहीही झालेलं नाही, काम बंद आहे, सबब परवानगी रद्द का करू नये.

हेडबाई मानेच्या पट्ट्यासकट कचेरीत गेल्या. भिंत उभी आहे, येऊन हात लावून बघा, असं त्यांनी तीन टेबलांवर सांगितलं. तिसऱ्या टेबलावरच्या माणसानं शांतपणे समजावलं की कचेरी भिंत वाचत नाही, वही वाचते. यापुढं काय काय झालं ते सविस्तर लिहीत जा.

सविस्तर म्हटल्यावर हेडबाईंचा हात मोकळा सुटला. कोणत्या वेळी किती घमेली वर गेली, मिस्त्रीला खोकला आहे, कंत्राटदार आला आणि सिमेंटच्या गोणीवर बसून गेला, सुनेला दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही असं ती म्हणते. कोणी कधी त्यांचं बोलणं इतक्या मन लावून मागितलं नव्हतं. त्यांना वही आवडू लागली.

भिंती पुऱ्या झाल्या. उरला होता छतालगतचा एक कोपरा, चार थरांचा. त्या सकाळी मानेखाली घामोळं आलं म्हणून हेडबाईंनी गळ्यातला पट्टा काढून ठेवला होता. मिस्त्री चहाला खाली आला, त्यानं त्यांच्या मोकळ्या मानेकडे बघितलं आणि कप हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, वीस मिनिटांचं काम आहे. दोर कोपऱ्यात पोचत नाही, सारखा मागं ओढतो, रेघ सरळ येत नाही. गल्लीतली पोरंटोरं भुंकून दाखवतात.

"आजच्या दिवस माणसासारखं काम करू द्या, बाई."

हेडबाईंनी वर बघितलं, त्याच्याकडे बघितलं. स्वत:च्या गळ्याला हात लावला. आणि हो म्हणाल्या. नोंदवही मांडीवरच होती. त्यांनी त्याच क्षणी पान एकतीसवर लिहिलं, 'मिस्त्रींनी पट्टा काढायला विचारलं. वीस मिनिटं. मी हो म्हटलं.'

परांचीची फळी सरकली. आवाज झाला तो घमेल्याचा. मिस्त्री पडताना काहीच बोलला नाही, जणू तीस वर्षांत पहिल्यांदा शिडीशिवाय खाली येताना त्याला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. वाळूच्या ढिगावर पडला म्हणून जीव वाचला. मांडीचं हाड गेलं. हेडबाई खुर्चीवरून उठल्या तेव्हा वही त्यांच्या हातातच होती.

त्या संध्याकाळी कंत्राटदारानं पहिल्यांदा मोबाईल कानावरून काढला. त्याचं म्हणणं एवढंच की एक पान फाडायचं. पानांवर आकडे आहेत हे त्याला ठाऊक होतं, त्याचा इलाजही त्याच्याकडे होता, वहीच नवी आणायची. सगळ्या नोंदी पुन्हा उतरवायच्या, ती एक सोडून. मिस्त्री घरी पडला, संपलं. काम आठ दिवसांत पुरं, खोलीला दार बसेल. मुलाचा चेहरा पांढरा पडला होता, तो म्हणत होता, आई, तुला आत टाकतील. पेन्शनर कायदा घेऊन आले होते, की तो दारू प्यायला होता असं लिहावं, दारूपुढं सगळे कायदे नरम पडतात. हेडबाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही त्याला कधी विडी ओढताना तरी पाहिलंत का. पेन्शनर म्हणाले, पाहायचं काय त्यात, लिहायचं आहे. हेडबाईंनी त्यांच्या पुढ्यातला कप उचलला. त्यात अजून अर्धा चहा होता.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "खोलीचं बघ बाई. तुझीच आहे ती."

हे मात्र लागलं. कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या. मोठ्या दालनात बत्तीस खाटा, मिस्त्रीची खिडकीपासून तिसरी. पाय ताणून धरायला दोरीला वीट बांधून खाटेखाली सोडली होती. मिस्त्री मान वाकडी करून त्या विटेकडेच बघत होता.

"कच्ची भाजलीय," तो म्हणाला. "दोन थर चढवले की भुगा होईल हिचा."

हेडबाई स्टुलावर बसल्या. परिचारिकेनं त्यांना आधीच सांगितलं होतं की मांडीत लवकर सळई घालायला हवी, नाहीतर पाय आखूड जोडला जाईल, आणि कामावर पडला असता तर ते लगेच कामगारांच्या विम्यातून झालं असतं, पण हा घरी पडला आहे.

"कुठं पडलो म्हणून सांगितलंत, मिस्त्री?"

"न्हाणीघरात घसरलो."

"तुमच्या घरी न्हाणीघर आहे?"

मिस्त्रीनं विटेकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कंत्राटदार रात्रीच येऊन गेला होता, बरा झालास की जमिनीवरची कामं देईन म्हणाला होता. आणि तेही सोडा. परांचीवरून पडलेल्या गवंड्याला भिंतीवर कोण चढवतं? न्हाणीघरात मात्र कोणीही पडतं, राजासुद्धा पडतो. तीस वर्षांचं नाव होतं.

"माझ्या घरावरून पडलात आणि नाव दुसऱ्या घराचं सांगता?" हेडबाई म्हणाल्या. आवाज चढला तशी शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "तेही नसलेल्या न्हाणीघराचं?"

"त्या कागदावर तुमचं नाव आहे, बाई."

"म्हणून तर आले."

"खोली राहील तुमची."

"राहू दे. पण तुम्ही पडलात तो मी हो म्हटलं म्हणून. तेवढं माझं आहे, ते तुम्ही कशाला नेता?"

मिस्त्रीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीला ओल आली होती. तो म्हणाला, हिचा गिलावा कोणी केला देव जाणे, आणि हेडबाईंनी पुढं केलेल्या जबाब बदलायच्या कागदावर सही केली.

कचेरीत सर्दीवाले निरीक्षकच होते. हेडबाईंनी नोंदवही त्यांच्यापुढं उघडून ठेवली. त्यांनी पान एकतीस वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि छत्री विसरलात का असं विचारावं तसं विचारलं, पान काढायचं राहिलं का. हेडबाई म्हणाल्या, राहिलं नाही, ठेवलं.

मग निरीक्षकांनी अपघाताचा फॉर्म काढला. कारणाच्या रकान्यात चारच चौकटी होत्या. कामगाराचा हलगर्जीपणा. साहित्यातील दोष. नैसर्गिक कारण. अज्ञात. जबाबदार व्यक्ती स्वत:च 'माझ्यामुळं झालं' म्हणाली तर खूण कुठं करायची, हे छापणाऱ्याला सुचलंच नव्हतं. निरीक्षकांनी नाक पुसलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत असं माणूस आलं नव्हतं म्हणाले. अज्ञातवर खूण करू का, असं त्यांनी हळूच विचारलं. त्यात कोणाचं काही जात नाही.

"अज्ञात कशी? समोर बसलेय की," हेडबाई म्हणाल्या.

त्यांनी पाचवी चौकट हातानं काढायला लावली आणि तिच्यात खूण करायला लावली. आता हातानं काढलेली चौकट नियमात बसते की नाही, यासाठी प्रकरण वर मार्गदर्शनासाठी पाठवावं लागलं. मार्गदर्शन येईपर्यंत काम बंद आणि जिन्याला सील. तोवर तुरुंग नाही, सुटकाही नाही. कधी येईल मार्गदर्शन, असं हेडबाईंनी विचारलं. निरीक्षक म्हणाले, येतं तेव्हा येतं. हेही त्यांनी दु:खानंच सांगितलं. पण कामावरचा अपघात एवढी नोंद त्यांनी त्याच दिवशी सही करून दवाखान्यात पाठवली. दवाखान्यानं ती नऊ दिवस तपासली. मग सळई घातली. हाड जुळलं, पण पाय बोटभर आखूड राहिला.

गल्लीनं यावर पुष्कळ तोंडसुख घेतलं. स्वत:च्या हातानं स्वत:च्या पायावर धोंडा, असं पेन्शनर म्हणाले. सून मात्र त्या रात्रीपासून बोळातून जाताना भिंतीला हात लावून, पाय उचलून जाऊ लागली. हेडबाई जाग्याच असत, पण तसं दाखवत नसत.

तीन महिन्यांनी एका दुपारी मिस्त्री आला. मार्गदर्शन अजून आलं नव्हतं. बगलेत कुबडी, अंगात धुतलेला सदरा. एका वीटभट्टीवर आता विटा मोजायला बसतो म्हणाला, बसून करायचं काम आहे, बरं आहे. बरं आहे हे त्यानं दोनदा म्हटलं. हेडबाई दारात आल्या आणि आत या म्हणाल्या. मिस्त्री जागचा हलला नाही. घराला पुढं तीन पायऱ्या होत्या, उंच, जुन्या पद्धतीच्या, तो त्यांच्याकडे बघत होता. मग तो म्हणाला की इथंच बरंय, वारा आहे. वारा अजिबात नव्हता.

हेडबाई आत गेल्या. चहा केला, दूध जास्त घातलं, आणि दोन कप घेऊन बाहेर आल्या. उंबऱ्यात थांबल्या नाहीत. गुडघा दुखत होता म्हणून एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर बसल्या. मिस्त्री उरलेल्या विटांच्या ढिगावर टेकला. ढीग पायरीपेक्षा वीतभर उंच होता, त्यामुळं कप देताना हेडबाईंना हात वर करावा लागला.

समोरच्या खिडकीचा पडदा हलला. हलू दे, हेडबाई म्हणाल्या. मिस्त्रीनं भट्टीतल्या विटांबद्दल थोडं सांगितलं, कोणत्या पक्क्या, कोणत्या नुसत्या रंगाला लाल. हेडबाईंनी सून हल्ली भाजीत मीठ बरं घालते असं सांगितलं. चहा संपेपर्यंत ती दोघं तिथं बसून होती. वर मात्र दोघांपैकी कोणीच बघितलं नाही.